गावाच्या भांड्यांच्या तीन ब्रिगेड

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसलो होतो. पुढ्यात दोन हजार तीनशे चाळीस रुपये होते, गावाच्या भांड्यांचा फंड. हजर असलेले असे: वरच्या वॉर्डातले भांडी समितीचे अध्यक्ष, मधल्या वॉर्डाचे सभासद, जे डिझेल इंजिनं दुरुस्त करतात आणि ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, खालच्या वॉर्डाचा सभासद म्हणून मी, आणि अर्जदार म्हणून माझ्याच वॉर्डातली शिवणकाम करणारी बाई. तिला मी वहिनी म्हणतो. तिचा नवरा गुजरातेत कापसाच्या एका जिनिंगवर कामाला होता, कारण दिग्रसची त्याची जिनिंग दोन हंगाम बंद होती.

गावाची भांडी म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीने वर्गणी करून घेतलेला संच. दोन मोठे पितळी गंज, प्रत्येकात दोनशे माणसांची कढी होईल असे. शिवाय कढया, पराती, झारे, ताटं आणि सतरंज्या. कापसाला भाव होता तेव्हा लग्नाची भांडी दिग्रसहून टेम्पोने येत आणि गावाच्या भांड्यांकडे कोणी बघत नसे. भाव पडला आणि ती सगळ्यांनाच आठवली.

वैशाखात एकाच तिथीवर दोन लग्नं निघाली होती. एक अध्यक्षांच्या मुलीचं, दुसरं वहिनीच्या मुलीचं. संच एक.

"वहिनी, तारीख पुढं ढकला ना," अध्यक्ष म्हणाले. "आठ दिवसानं काय बिघडते?"

"आमच्या यायले चारच दिवस सुटी भेटली, भाऊ. बापाशिवाय कन्यादान करू काय? अन् तुमीच ढकला ना, तुमचे तं सारे घरीच हाय."

"आमचे पाहुणे फुलसावंगीचे हाय."

"मंग माहे का आभायातून येऊन राह्यले? ढाणकीचे हाय माहे बी."

तिची अडचण मला ठाऊक होती. बोलणी झाली तेव्हा मुलाच्या मामाने देण्याघेण्याचं काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं की जेवण नीट पाहिजे, मागच्या एका सोयरिकीत आमची माणसं अर्धपोटी उठली. या एका गोष्टीवर सगळं उभं होतं आणि भाड्याची भांडी आणायला तिच्याजवळ पैसे नव्हते.

मग मी बोललो. मला पेन्शनवर येऊन सात महिने झाले होते. गावात फौजीला मेजर म्हणतात, माझा हुद्दा हवालदार क्लार्कचा. नोकरीची शेवटची दोन वर्षं मी एका डिव्हिजनच्या मुख्यालयात काढली आणि त्या दोन वर्षांत आमच्याकडे एकच काम होतं: डिव्हिजन मोडून तिच्या ब्रिगेड स्वतंत्र करणं.

ते काय असतं, हे मी ओसरीवर सांगितलं तसंच इथे सांगतो. डिव्हिजनमध्ये लढणाऱ्या तीन ब्रिगेड असतात. पण तोफा, पूल बांधणारे, दवाखाना, रसद, गाड्या दुरुस्त करणारी वर्कशॉप, हे सगळं डिव्हिजनच्या हातात. ब्रिगेडला काही लागलं की ती वर मागते. दोघींना एकाच दिवशी लागलं की मुख्यालय ठरवतं कोणाला आधी. नवा विचार असा की हे सगळं आधीच वाटून टाकायचं. प्रत्येक ब्रिगेडला तिच्या तोफा, तिचा दवाखाना, तिची रसद. एकटी उचलून कुठेही पाठवली तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहील. मुख्यालय फक्त हुकूम देईल. आमच्या डिव्हिजनमध्ये हे प्रयोग म्हणून करायचं ठरलं आणि वाटपाच्या याद्या माझ्या टेबलावर आल्या.

साहेब लोक नकाशावर बोलत. माझ्याकडे अडचण यायची ती भागाकाराची. बिघडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेन दोन आणि ब्रिगेड तीन. मी पहिलीपुढे एक लिहिलं, दुसरीपुढे एक आणि तिसरीपुढे 'मागणी नोंदवली'. अशा बऱ्याच ओळी झाल्या. याद्या पूर्ण झाल्या, सही झाली आणि मी पेन्शनवर आलो. म्हणजे वाटप मी पाहिलं, ते चालताना पाहिलं नाही.

"मंग आपल्या भांड्याईचं काय म्हनता?" चाचांनी विचारलं.

मी म्हटलं, तीन वॉर्ड, तीन ब्रिगेड. कढया, पराती, ताटं तिघांना सारखी वाटू. ज्याच्या वॉर्डात लग्न, त्याने आपला संच काढावा. कोणाला विचारायचं नाही, कोणाची किल्ली मागायची नाही. दोन लग्नं एका दिवशी आली तरी दोन्ही होतील.

"अन् गंज दोनच हाय ते?" अध्यक्ष म्हणाले.

"तिसरा घेऊ. पैसे पुढ्यात आहेत."

चाचा हसले. "मेजर, फौजेत कागदावर मांगनी लिवली. इथं रोख काढून राह्यले. सरकारपेक्षा गाव सुधारलं म्हना की."

ठराव चौघांच्या संमतीने झाला. मताचा अधिकार नसूनही वहिनीने हात वर केला. त्याच आठवड्यात मी आणि चाचा दिग्रसला गेलो आणि जुन्या भांड्यांच्या दुकानातून चौदा किलोचा गंज दीडशे रुपये किलोने घेतला. एकवीसशे गेले, दोनशे चाळीस उरले, ते माझ्याकडे राहिले. हा गंज मधल्या वॉर्डाला दिला. दुकानदाराने त्याला आतून नुकतीच कल्हई केलेली होती, आत तोंड दिसत होतं.

वाटप सुरळीत झालं. ब्रिगेड हा शब्द गावाला फार आवडला. खालच्या वॉर्डाने भांड्यांवर निळा ठिपका दिला, वरच्याने लाल. भांड्यांची जुनी खोली रिकामी झाली, तिच्यात पंचायतीने फवारणीचे नादुरुस्त पंप भरले. समिती उरली नाही, कारण तिला काम उरलं नाही. अध्यक्षांना मात्र गाव अध्यक्षच म्हणत राहिलं.

दरवर्षी चैत्रात दिग्रसहून कल्हईवाला यायचा. पितळेची कल्हई उडाली की त्यात आंबट शिजवता येत नाही. ताक, चिंच, टोमॅटो, काहीही घातलं की कळकतं, हिरवट होतं, तोंडात घेववत नाही. म्हणून लग्नसराईआधी गावाच्या भांड्यांना तो एकदम कल्हई करायचा आणि फंडातून पैसे घेऊन जायचा. फंड मुळात त्यासाठीच होता. गंज घेताना हे चौघांनाही माहीत होतं, म्हणजे कोणी विचारलं असतं तर चौघांनीही सांगितलं असतं.

त्या चैत्रात तो आला. मी पेन्शनच्या कागदासाठी यवतमाळला गेलो होतो. पुढचं मला नंतर कळलं. तो आधी वरच्या वॉर्डात गेला. अध्यक्ष म्हणाले, आता फंडाचं मेजर पाहतात. तो आमच्या घरी आला. बायकोने सांगितलं की हे नाहीत, मधल्या वॉर्डात चाचांना विचारा. चाचा म्हणाले, "आमचा गंज तं आरशासारखा हाय, बाकीच्याईचं आमाले काय मालूम." तिथून तो परत खालच्या वॉर्डात आला. तिथे लोक म्हणाले, लग्न लागेल तेव्हा पाहू. दुपारच्या एसटीने तो परत गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला वहिनीच्या दारात आचारी आला. त्याने निळ्या ठिपक्याचा गंज तिरपा करून उन्हाकडे धरला आणि खाली ठेवला.

"याच्यात कढी होत नाई."

"काहून?" वहिनीने विचारलं.

"पितळ उघडं पडलं. ताक घातलं की इख होऊन जाईन. वरण अन् भात करून देतो, बुंदी लोखंडी कढईत होते. कढी सोडा."

ढाणकीच्या माणसांना भातावर कढी लागते. वहिनीचा नवरा आदल्या दिवशीच आला होता, तो ओट्यावर बसून राहिला. वहिनी माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही.

"मेजर, तुमच्या फौजेत असं झालं तं काय करतेत?"

मी म्हटलं, शेजारच्या ब्रिगेडकडे मागतात. आणि मधल्या वॉर्डात चाचांकडे गेलो.

"गंज?" चाचा म्हणाले. "तो तं पुसदले गेला. भावाच्या सासरी लग्न हाय. तुमीच म्हनलं होतं ना, उचलून कुठंबी पाठवता येते? आमची ब्रिगेड मोहिमेवर गेली, मेजर."

हे ते अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. मग मोटरसायकल काढली आणि कल्हईवाल्याला आणायला दिग्रसला निघाले. जाताना सांगून गेले की कोळसा तयार ठेवा.

ते परतले तेव्हा अध्यक्षही आमच्या वॉर्डात येऊन उभे होते. त्यांच्या आचाऱ्यानेही लाल ठिपक्याचा गंज उन्हाकडे धरला होता. अध्यक्षांच्या अंगावर नवा कुर्ता, खांद्यावर उपरणं, मागे दोन माणसं गंज धरून.

कल्हईवाला मोटरसायकलवरून उतरला, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नाही.

"कोनत्या वॉर्डानं बोलावलं मले?"

"तसं काही नाही," मी म्हटलं.

"तसंच हाय. तीन वॉर्डाईनं मले तीन दारं दाखवले. मी गावाचा मानूस हाय, साहेब, वॉर्डाचा नाई. पैसे एका हातून घेईन. कोनाचा हात हाय तो सांगा."

मी म्हटलं, माझा.

"फंडात किती हाय?"

"दोनशे चाळीस."

त्याने चाचांकडे पाहिलं. "एवढ्यासाठी मले झोपेतून उठवलं काय?"

मग हिस्स्याचं बोलणं सुरू झालं. अध्यक्ष म्हणाले, ज्याचा गंज त्याने द्यावं. चाचा म्हणाले, मग आमचा काही संबंध नाही, आमचा गंज पुसदला आहे. मी म्हटलं, फंडातून गंज घेतला तो मधल्या वॉर्डाला मिळाला, तेव्हा मधल्या वॉर्डाचा संबंध सगळ्यात जास्त. चाचा म्हणाले, तो आम्ही मागितला नव्हता, तुमच्या भागाकारातून निघाला. हे खरं होतं. अध्यक्ष म्हणाले, ते मागून पाहू, आधी माझा गंज भट्टीवर ठेवा, माझ्याकडे दोनशे पान आहे.

"तुमचे पाहुणे जीपनं येतेत," वहिनीचा नवरा पहिल्यांदा बोलला. "जीप थांबवता येते. आमच्याईची एसटी थांबत नाई, अन् थे पहाटचे निंघाले हाय."

"मंग मी का पाहुण्याईले रस्त्यावर उभं करू?"

एक कल्हईवाला, दोन लग्नं, एकच वेळ. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर जो प्रश्न होता तोच. तेव्हा निदान ठरवायला समिती होती.

एवढ्यात वहिनी आणि तिची बहीण आपला गंज घरंगळवत घेऊन आल्या. आम्ही हिस्से करत होतो तेवढ्या वेळात त्यांनी तो मागच्या अंगणात चिंच आणि राख लावून आतून घासून काढला होता. दोघींचे हात कोपरापर्यंत काळे होते. लग्नाच्या दिवशी मुलीची आई असं काही करत नाही.

"दादा, माहा घासून झाला," ती कल्हईवाल्याला म्हणाली. "पैशाचं हे मंग भांडतीन. तुमी भट्टी लावा."

त्याने गंजात डोकावून पाहिलं, बोट फिरवलं. मग अध्यक्षांच्या गंजात पाहिलं. "हा घासला नाई."

"घासू की," अध्यक्ष म्हणाले.

"मळावर कथील धरत नाई. घासलेला पयले." आणि त्याने पिशवी उतरवली.

भाता सुरू झाला. नवसागराचा धूर झाला तशी पोरं खोकत लांब गेली. कथील पसरवायला त्याने कापसाचा बोळा मागितला. कापूस तेवढा गावात होता, न विकलेला, पाहिजे तितका.

अध्यक्षांनी उपरणं माझ्या हातात दिलं, कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि गंजात वाकून घासायला बसले. थोड्या वेळाने उपरणं दगडावर ठेवून मीही बसलो.

ढाणकीची मंडळी दहाच्या सुमाराला एसटीने उतरली. लग्न लागलं, पंगत बसली. कढी वाढायला आली तेव्हा मी दारात उभा होतो. मुलाच्या मामाने भातात आळं करून कढी घेतली, खाल्ली, आणि वाढणाऱ्याला हाताने थांबवून पुन्हा घेतली.

"ताक घरचं हाय काय?" त्याने विचारलं.

"घरचंच," वहिनी म्हणाली. तिने हात पदराखाली घेतले होते.

मुलगी त्या संध्याकाळी ढाणकीला गेली. वरच्या वॉर्डातली पंगत दोन तास उशिरा बसली. फुलसावंगीच्या पाहुण्यांना तोवर कडुलिंबाखाली सरबत दोनदा दिलं गेलं. अध्यक्षांच्या कढीलाही कोणी नावं ठेवली नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत ओसरीवर बसलो. पुसदहून आलेला गंज दिग्रसच्या त्याच दुकानदाराला एकशे तीस रुपये किलोने परत दिला, त्याचे अठराशे वीस आले. दोन गंज आणि बाकीची भांडी जुन्या खोलीत गेली, नादुरुस्त पंप बाहेर काढले. किल्ली कोणी ठेवायची यावर दोन तास गेले. समिती पुन्हा उभी केली, वहिनीला तिच्यावर घेतलं, ती खालच्या वॉर्डाची सभासद झाली आणि मी मोकळा झालो. फौजेतल्या त्या प्रयोगाचं पुढे काय झालं, हे चाचांनी मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

कल्हईवाल्याने परत येऊन राहिलेल्या भांड्यांना कल्हई केली. त्या दिवशीचे दोन गंज धरून त्याला चौदाशे पन्नास रुपये दिले. चाचांना पेट्रोलचे ऐंशी. ते नको म्हणत होते, मी दिले. दोन्ही रकमा मी एका हाताने दिल्या आणि दोघांची पोच घेतली. शिल्लक पाचशे तीस वहिनीकडे सोपवली.