वाटलेला मलिदा

सिराजुद्दीनच्या तोंडात तीळ भिजत नसे, तरी एक गुपित त्याने सहा वर्षं पोटात ठेवलं होतं. सौदीतल्या यान्बूच्या एका कंत्राटी कॅम्पात तो मेसचा आचारी आणि जयदीप नवगावकर वेल्डर. दोघेही अलिबागेकडचे, एका कुंपणाचे शेजारी. जयदीप बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी. यहुद्याला इथला व्हिसा मिळत नसे, म्हणून एजंटाने अर्जात बेधडक ‘हिंदू’ लिहिलेलं. कळलं तर नोकरी जाणारच, तुरुंगही नशिबी येईल. आणि हे जाणणारा माणूस अख्ख्या कॅम्पात एकच, तोही हा बोलघेवडा!

एक्क्याण्णवच्या जानेवारीत लढाई पेटली. इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडू लागली. जयदीपची थोरली बहीण तिकडे लोद गावात दिलेली. मेसमध्ये रेडिओ लागला की कुणीतरी टाळी वाजवायचं, आणि जयदीप खाली मान घालून भात कालवायचा. त्या टाळीने सिराजुद्दीनच्या काळजाला घरं पडत.

“बहिणीचा काय कळला का रे?” एका शुक्रवारी त्याने हळूच विचारलं.

“मुंबईला फोन लावलेला. सुखरूप हाय,” जयदीप म्हणाला. “नवस बोललोय. मलिदा करायचाय.”

दुपारी दोघांनी मेसचं दार लोटून मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. जयदीपने पुटपुटत प्रार्थना म्हटली, चिमूटभर खाल्लं आणि डोळे पुसत खोलीवर गेला.

परात भरलेली राहिली. गावात नवगावकरांचा मलिदा झाला की कुंपणापलीकडे पहिलं ताट यायचं. मलिदा झाकून ठेवणं म्हणजे अपशकुन. सिराजुद्दीनचा हात सवयीने चालला. त्याने खोल्याखोल्यांतून वाट्या पोचवल्या. रत्नागिरीच्या मुनाफने विचारलं, “कसला रे हा?”

“आपल्या जयदीपच्या नवसाचा. शनवार तेल्यांचा असतो हा. शनिवारी घाणा बंद ठेवतात ना, ते बेने इस्रायल.”

बोलून झालं आणि त्याने जीभ चावली. खोलीत आणखी चौघे होते.

रविवारी ऑफिसात बोलावणं आलं. जयदीप आधीच उभा होता. त्याने सगळं कबूल केलं होतं. साहेब सिराजुद्दीनकडे वळले. “तुमको मालूम था? छुपाया?”

घरी शरीफा, तीन मुली, अर्धवट बांधलेलं घर. सिराजुद्दीनची जीभ टाळ्याला चिकटली. जन्मात पहिल्यांदाच.

“इसको कुछ मालूम नहीं, साब,” जयदीप शांतपणे म्हणाला. “हमारा गाँव अलग है. मैं इसको पहचानता भी नहीं.”

साहेबांनी सिराजुद्दीनकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी जयदीपला गाडीत बसवून विमानतळावर नेलं. सिराजुद्दीन मेसच्या खिडकीआड उभा राहून रडला, पण फाटकापर्यंत गेला नाही. ओळख नसलेल्या माणसाला निरोप द्यायला कोण जातं?