मेराहीच्या निळ्या जीपमध्ये कोण बसतं?

भाड्याने दिलेली जीप परत आली की मेराही आतान तिच्याभोवती एक फेरी मारायचीच. गाडी कुठे घासली का हे तर बघायला हवंच, कारण रापा नुई बेटावर गाडीचा विमा कोणी उतरवत नाही. पण तिला खरी उत्सुकता असायची ती गाडी कुठे जाऊन आली याची. टायरच्या खाचांत पांढरी वाळू असली तर अनाकेनाचा किनारा. गाडीत पायाखाली लाल माती असली तर पोइकेची चढण. गिऱ्हाइकाला मात्र ती एका शब्दानेही विचारत नसे. विचारून कळलं तर त्यात काय मजा, असं ती म्हणायची.

नवरा बोटीवर कामाला म्हणून गेला तो मुख्य भूमीवर, चिलीतच राहिला. त्याची मोडकी जीप मेराहीने भाऊ पेतेरोच्या मदतीने उभी केली, निळी रंगवली, दारावर स्वतःचं नाव लिहिलं आणि एका फ्रेंच जोडप्याला तीन दिवसांसाठी दिली. गावाने तेव्हा नावं ठेवली. वीस वर्षांनी त्या हांगा रोआ गावात तिच्या चार निळ्या जीप होत्या आणि तीच माणसं आपल्याकडच्या पाहुण्यांना तिच्याकडे पाठवत होती.

एका माणसाला मात्र त्या जीप डोळ्यासमोर नको असत. ती म्हणजे मेराहीची मावशी, लुसिला. सगळं गाव तिला नुआ म्हणायचं. वयाने मोठ्या बाईला तिथे तसंच म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने मेराहीची जीप नुआच्या घोडीवर घातली. घोडी गेली.

"रस्त्यावर मोकळी सोडलीसच कशाला?" मेराही घाबरून बोलून गेली.

"घोड्यांचाच रस्ता होता तो. तुझे डबे नंतर आले," नुआ म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. रविवारी चर्चमध्ये एक या टोकाला बसायची, दुसरी त्या.

अबोल्याला नऊ वर्षं झाली, त्या वर्षी मार्चमध्ये एर्नान नावाचा एक गृहस्थ आला. चिलीतल्या वाल्पाराइसो शहराचा, निवृत्त बसचालक, बायको वारलेली. समुद्राकाठी तंबू ठोकून राहिला होता. त्याने दहा दिवसांसाठी जीप घेतली आणि संध्याकाळी ती रोज मेराहीच्या अंगणात आणून लावू लागला.

पहिल्याच रविवारी मेराही चक्रावली. जीप जेमतेम नऊ किलोमीटर चालली होती. सोमवारी चौदा. मंगळवारी पुन्हा नऊ. अख्ख्या बेटाला वळसा घालायला माणसं येतात, आणि हा गावाच्या वेशीवरून परततो? शिवाय एकटा माणूस, पण शेजारची सीट पार पुढे ओढलेली. तिच्यावर एक लांब पांढरा केस. खाली पेरूच्या बिया आणि केळी-भोपळ्याच्या गोड पावाचा चुरा.

"बाई आहे," पेतेरो मिशीत हसला. "बुटकी आहे. आणि हाताला चव आहे."

"तुला काय ठाऊक?"

"हा चुरा चाखला मी."

"शी! गाडीतला?"

"आपल्या आईच्या पावासारखा लागतो गं."

मेराहीनेही एक कण जिभेवर ठेवला. आईसारखा पाव करणारी बेटावर आता एकच बाई उरली होती.

बुधवारी एर्नानची जीप निघाली तशी मेराही दुसरी जीप काढून मागे लागली. दक्षिणेच्या रस्त्याला लागल्यावर ती मुद्दाम मागे राहिली. वाइहूच्या खाडीपाशी, जिथे कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवतात, तिथे तिला निळी जीप दिसली. दार उघडं. आत नुआ लुसिला, मांडीवर पावाची टोपली, आणि खाली खडकावर बसून एर्नान शाळकरी पोरासारखा ऐकत होता.

मेराहीला आधी संतापच आला. माझी गाडी! नऊ वर्षं तोंड फिरवते, आणि माझ्याच गाडीत बसते?

ती तरातरा खाली आली. नुआने तिच्याकडे वळून पाहिलं आणि राग तर सोडाच, हसली.

"आलीस एकदाची! चार दिवस या सेन्योरना पाठवतेयस. स्वतः यायला काय पाय मोडले होते?"

मेराहीने एर्नानकडे पाहिलं. तो उठून कपडे झटकत म्हणाला, "रविवारी मी चर्चच्या दाराशी गाडी लावली होती, तर या बाईंनी हात केला आणि गाडीत येऊन बसल्या. म्हणाल्या, गाडी मेराहीची, मी मेराहीची मावशी, डावीकडे घ्या. मला वाटलं, इथे जीपसोबत वाट दाखवायला माणूसही मिळतं. फार छान सांगतात हो! एकेक दगड ओळखीचा आहे यांच्या."

नुआच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. "म्हणजे तू नव्हतंस पाठवलं?" तिचा आवाज बारीक झाला.

ही म्हातारी रविवारपासून काय समजून बसली होती, ते मेराहीला तेव्हा कळलं. भाचीने समेटाला गाडी धाडली, म्हणून ती रोज नटूनथटून, पाव भाजून दारात उभी राहत होती. गुडघे गेल्यापासून घर आणि चर्च यापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं, आणि मेराहीच्या चार जीप तिच्या दारावरून रोज जात होत्या.

"नव्हतं पाठवलं," मेराही म्हणाली. खोटं तिच्या ओठावर आलं होतं, पण नुआच्या डोळ्यांपुढे ते टिकलं नसतं. "पाठवायला हवं होतं. घोडीच्या दिवशी मी जे बोलले ना, नुआ, ते बोलायला नको होतं."

नुआने टोपलीतल्या पावाचा तुकडा तोडून मेराहीच्या हातात कोंबला. "खा. वाळलीस किती. आणि यांना ओरडू नकोस, गाडी झकास चालवतात. तुझ्यासारखी खड्ड्यात नाही घालत."

"तू कधी बसलीस माझ्यासोबत?"

"दिसतं की खिडकीतून!"

एर्नानने उरलेले दिवस त्या दोघींसोबतच काढले. गाडी तो चालवायचा, नुआ पुढे, मेराही मागे. शुक्रवारी वाइतेआच्या माळावर, जिथे पूर्वी लोकर विकणाऱ्या एका परदेशी कंपनीची मेंढरं असायची, नुआने गाडी थांबवायला लावली.

"इथे तुझी आई ट्रक चालवायला शिकली."

"आई? आईला गाडी यायची?" मेराही मागच्या सीटवरून पुढे झुकली.

"सतरा वर्षांची होती. लोकर नेणाऱ्या ट्रकवर. कंपनीचा साहेब जेवायला गेला की आम्ही पोरी टेहळणीला उभ्या आणि ती माळावर गोल गोल. एकदा कुंपणच तोडलं."

"मग? शिकवलं कोणी? आजोबांना कळलं?"

"एकेक करून विचार! आधी मला खाली उतरव. कुंपण कुठे तुटलं ते दाखवते."

मेराहीने दार उघडून हात पुढे केला. दुसरीकडून एर्नानने आधार दिला. वाऱ्याने वाकलेल्या गवतातून तिघं जण हळूहळू चालू लागली.