शहाडचा कावळा आणि माझ्या काचा

माझ्या घरात रंगाचे दोन मोठे डबे भरून फुटकी काच आहे आणि ती तिथेच राहणार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच आशा लावून बसायला नको.

मी बाणाची टोकं घडवते. अश्मयुगातली माणसं घडवायची तशी, दगडाची आणि काचेची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, मोबाइलवर एका म्हाताऱ्याला बाटलीच्या बुडातून टोक काढताना पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. बिअरच्या बाटलीचं बूड जाड असतं, त्याला हे काम सोसतं. तळहातावर जुन्या चपलेचं चामडं घ्यायचं, त्यावर काच, आणि लाकडी मुठीत ठोकून बसवलेल्या तांब्याच्या जाड तारेने कडेवर दाबायचं. मारायचं नाही, दाबायचं. टिक् असा आवाज होतो आणि खालच्या अंगाने माशाच्या खवल्याएवढा टवका सुटतो. कड आधी खरखरीत दगडावर घासून बोथट केली नाही, तर तिचा नुसता चुरा होतो. धार यायला आधी धार घालवावी लागते, हे समजेपर्यंत माझ्या कितीतरी बाटल्या वाया गेल्या.

बाळकुमच्या आमच्या इमारतीत याची चर्चा झाली नसती तरच नवल. शिकारीला कधी निघणार, असं लिफ्टमध्ये विचारून झालं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मुद्दाम वर येऊन, फुटकी काच घरात ठेवू नये, दारिद्र्य येतं, असं समजावलं. मी म्हटलं, आम्ही दोघांनी जन्मभर नोकरीच केली, ते आधीच येऊन बसलंय. मी बाल्कनीत ताडपत्री अंथरते, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावते आणि उठताना ओल्या फडक्याने सगळं टिपून घेते. आजवर कुणाच्या पायात माझी काच गेलेली नाही.

नवरा माझा पुरवठादार. कोलशेतला खाडीच्या बाजूने सकाळी फिरायला जायचा आणि येताना पिशवीतून बाटल्यांची बुडं आणायचा, हिरवी, तपकिरी. भाजी निवडून आणल्यासारखी टेबलावर मांडायचा. शहाडला त्याच्या मूळ घरी गेलो की उल्हास नदीच्या काठी आम्ही दोघं वाकून गारगोट्या शोधायचो. लोकांना वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय. घडवायला मात्र त्याला कधी जमलं नाही. टोक काठीला बांधता यावं म्हणून बुडाशी दोन खाचा पाडाव्या लागतात, तिथे तो दर वेळी मोडायचा आणि काचेवरच चिडायचा.

गेल्या वर्षी तो गेला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची साखर, त्याचं ब्लडप्रेशर, नाक्यावर गुपचूप खाल्लेले वडे, यांची चौकशी कुणी केली नाही. चौकशी झाली माझ्या काचेची. त्याची थोरली बहीण, माझी नणंद, सुतकातच बाल्कनीत उभी राहिली आणि डब्यांकडे बघून म्हणाली, मी तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हाच म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. एवढं मात्र कळलं की माझ्या काचेने माझा नवरा मारला, असं ठरलेलं आहे. मला रडू आलं नाही, संताप आला.

दहावा शहाडला नदीकाठी केला. आमच्यात बायका दहाव्याला जात नाहीत. मी गेले. माझ्याबरोबर मुलगी आली, कारण विधी तीच करणार होती, आणि आम्ही दोघी गेलो म्हणून नणंदही आली. स्मशानात ज्या दगडाने मडकं फोडतात तो अश्मा दहाव्यापर्यंत जपलेला असतो, गेलेला माणूस समजून त्याच्यावर तिळाचं पाणी घालतात. आमचा अश्मा काळा, भोकाभोकांचा होता, एक टवका धड निघाला नसता. तिथे बसून मला वाटलं, नवऱ्याच्या जागी दगड चालतो, पण नवऱ्याने वेचून आणलेला दगड घरात चालत नाही.

पिंड मांडला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले, पण खाली कुणी उतरेना. मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, तर कुणीतरी त्याला शब्द द्यायचा. मुलगी हात जोडून म्हणाली, "बाबा, मी आईला सांभाळीन. तू काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. ऊन चढत गेलं. शेवटी नणंद पुढे झाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळा, तुझ्या घरातल्या त्या काचा उद्याच्या उद्या बाहेर काढते मी. जा आता सुखाने."

आणि कावळा आला. सगळ्यांचे हात जोडले गेले. पिंडाजवळ घुटमळणारं भटकं कुत्रं नेमकं तेव्हाच कुणीतरी हाकललं होतं. ते मी पाहिलं, बाकीचे वर बघत होते.

दुसऱ्या दिवशी नणंद गोणी घेऊन हजर. ती एकटी असती तर सोपं होतं, मला भांडता येतं. पण गोणीचं तोंड माझ्या मुलीने धरलं होतं.

"आई, मलापण हे पटत नाही गं," ती म्हणाली, "पण बाबा अडकून राहिला तर?"

इथे मी हरले असते. नणंदेसाठी मी एक कपची दिली नसती, पण पोरीसाठी डबे दिले असते, घडवणंसुद्धा सोडलं असतं. आणि मग ती जन्मभर मानत राहिली असती की आईच्या काचेने बाबा गेला. ते मला मंजूर नव्हतं.

मी एका डब्याला झाकण लावलं आणि त्यावर बसले. मुलीला विचारलं, "आईला सांभाळीन म्हणालीस, तेव्हा कावळा हलला?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"तुझ्या शब्दाने निघाला नाही, आणि काचा टाकते म्हटल्यावर निघाला? इतका हलकट होता का तुझा बाप?"

नणंद म्हणाली, गेलेल्याबद्दल असं बोलू नये, आणि कावळा कधी खोटं सांगत नाही. कुत्र्याचं मी बोलले नाही. माझा नवरा कसा होता, हे सांगायला मला कुत्र्याची साक्ष नको होती.

"ताई," मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी पडलं तरी तो मला हाक मारून सांगायचा. काच नको असती तर मलाच सांगितलं असतं. माझ्याशी बोलायला त्याला कावळा लागत नव्हता."

मुलीच्या हातातून गोणी सुटली. नणंद जेवायलाही थांबली नाही, अजून माझ्याशी बोलत नाही. ती गेल्यावर आम्ही मायलेकी बाल्कनीत त्या डब्यांना टेकून बसलो आणि त्याला पोटभर शिव्या दिल्या. सगळं सांगणारा माणूस, जातोय एवढं एकच न सांगता गेला, म्हणून.