मागच्या खोलीतली ताई

कवळ्या आणि दातांच्या कॅप बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये ताईला तेरा वर्षं झाली होती. चिनीमातीची पूड ओली करून कुंचल्यानं थरावर थर चढवायचा, भट्टीत भाजायचा आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायचा की ज्याचा दात त्यालाही आरशात फरक कळू नये. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टर फोनवर बजावायचे, पुढचा दात आहे, ताईंकडेच द्या.

तिचे आजी-आजोबा मजुरीसाठी परमुलखातून आलेले. ती जन्मली इथे, शिकली इथे, पण तिचा काळाभोर रंग आणि बारीक कुरळे केस बघून लोक अजून विचारायचे, मूळच्या कुठल्या? पेशंट रंग जुळवायला लॅबमध्ये आला की मालक पुढच्या खोलीत उंच्याला उभं करत. उंच्या तिच्याच हाताखाली तयार झालेला. नावाप्रमाणे उंच, गोरा, पांढरा कोट शोभणारा. तो पेशंटच्या दातांचा फोटो काढायचा, मागे येऊन ताईला दाखवायचा आणि ती सांगेल ते पुढे जाऊन ऐटीत सांगायचा.

मग ताईला मुलगी झाली. चार महिन्यांनी ती परतली तेव्हा सेवेत खंड पडला म्हणून तिचा पगार पुन्हा पहिल्या पायरीवर आणला होता. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, त्यामुळे ती साडेपाचला निघायची. सकाळी सातला येऊन भट्टी तीच तापवायची, ते कुणाला दिसत नसे. निघताना मात्र सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

दोन वर्षांनी उंच्याला जुळं झालं. घराच्या कर्जाच्या अर्जावर त्याला साक्षीदाराची सही हवी होती. ताईइतकं जवळचं लॅबमध्ये कोण होतं? त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिला त्याचा पगार दिसला. तिच्या दीडपट. उंच्या ओशाळला. मुलं झाली तेव्हा मालकांनी आपणहून वाढवला, म्हणाला. ताईनं सही केली. कागदावरून नजर मात्र तिला काढवेना.

दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. मालक काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"अगं, त्याच्यावर अख्खं घर आहे. तुझा नवरा कमावतो ना?"

"तो वर्षापूर्वीच सोडून गेला. मी आणि मुलगी, दोघीच आहोत."

 मालक अगदी कळवळून म्हणाले, "मग तर तुझ्यावर जबाबदारी टाकायची तरी कशी? उद्या पोर आजारी पडली तर?"

नवरा असता तर पगाराची गरज नव्हती आणि नव्हता तर भरवसा नव्हता. ताई उठून टेबलाशी जाऊन बसली, पण त्या दिवशी तिचा थर दोनदा तडकला.

तिनं दुसऱ्या लॅबमध्ये नमुने नेले. तिथल्या बाईंनी दात उजेडात धरून तोंडभर कौतुक केलं. मग मूल केवढं आहे ते विचारलं आणि आहे त्याहून कमी पगार सांगितला. बसायला जागा मागच्या बाजूला मिळेल, म्हणाल्या.

वर्ष संपताना उंच्या सुपरवायझर झाला आणि लॅबची वेळ सातपर्यंत वाढली. ताईला ते जमणं शक्यच नव्हतं. मालकांनी तिच्यावर उपकार केल्यासारखा अर्ध्या वेळेचा करार पुढे केला. पगार निम्मा झाला. काम फारसं कमी झालं नाही, कारण अवघड दात तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हते.

एकदा उंच्यानं तिला न विचारता एका शिक्षिकेच्या पुढच्या दाताचा रंग ठरवला. पार चुकलेला, खडूसारखा पांढरा. ताईनं फोटो पाहिला आणि तिच्या मनात आलं, जाऊ दे तसाच. कळू दे सगळ्यांना. त्याच रंगाचा दात घडवून तिनं तो डबीत भरलाही. पण ती बाई हा दात घेऊन वर्गात उभी राहणार, हसताना तोंडावर हात धरणार, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं डबी उघडली, दात नव्यानं घडवला. पाळणाघरात पोचायला उशीर झाला. मुलगी दाराशी एकटीच बसली होती.

त्या दाताचं कौतुक करायला डॉक्टरांचा मुद्दाम फोन आला. मालकांनी उंच्याला शाबासकी दिली. उंच्यानं मान खाली घातली, पण रंग ताईनं सुधारला हे सांगितलं नाही. ताईनं कुंचला पुन्हा ओला केला.