पराते मॅडमचे पाहुणे वक्ते

पराते मॅडम निबंध तपासताना लाल पेन हातात धरत नसत. संशय आलेल्या वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढायच्या आणि समासात लिहायच्या, 'कोणाला विचारलं?' भंडाऱ्याच्या कॉलेजात एम.ए.ला असताना माझा जागतिकीकरणावरचा निबंध परत आला, तेव्हा त्यात असे अकरा प्रश्न होते. शेवटचा या वाक्यापाशी होता : 'जागतिकीकरणाने भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा धंदा बुडवला.'

"पुस्तकात आहे, मॅडम," मी म्हणाले.

"पुस्तकवाल्यानं भंडारा पाहिला का? पितळेच्या कामातला कोणी माणूस तुह्या ओळखीचा आहे का?"

माझे बाबा अनेक वर्षं पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, आणि गंगाळं हातोडीनं ठोकून मठारत होते. कारखाना बंद पडल्यावर ते शहापूरला हायवेवरच्या पेट्रोल पंपावर चौकीदार झाले. वर्गात मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मॅडमना सांगितलं.

"मग त्यायले विचार ना! भिऊन काहून राहिली?"

मॅडम पवनीच्या विणकर घरातल्या. रोज एसटीने येणंजाणं. समाजशास्त्र त्यांना इंग्रजी पुस्तकांतून कळलं होतं, पण त्या ते शिकवायच्या झाडीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, बोलीत.

मी घरी विचारलं. बाबा आधी चिडले, "आता कायले विचारून राहिली?" मग बराच वेळ बोलले. ज्यातून भांडी घडत त्या पितळी भंगाराचा भाव कुठल्या तरी दूरच्या बाजारात ठरायचा आणि मालक रोज सकाळी मोबाइलवर पाहायचे. भट्टीपाशी बसायला नवी पोरं तयार नव्हती. शेवटी हळूच म्हणाले, "आपल्या घरी पयला स्टीलचा गुंड मीच आणला, बाई. पितळ घासू घासू तुह्या आईचे हात सोलत."

हे मी वर्गात वाचून दाखवलं. मॅडमनी फळ्यावर तीन रकाने पाडले. काही अभ्यासक म्हणतात, भांडवल जिथं नफा दिसेल तिथं धावतं आणि माणसं मागे पडतात. काही म्हणतात, सगळीकडची राहणी एकसारखी होत जाते. काही म्हणतात, तसं नाही, बाहेरून आलेलं लोक आपल्या सोयीनं वाकवून घेतात. "तिघायचंही ऐका," मॅडम म्हणाल्या, "पण हिच्या आईचे हात यातल्या एकाही रकान्यात पुरते मावत नाहीत. म्हणून अजून काम बाकी आहे."

मग त्यांनी ठरवलं, बाबांनी वर्गात येऊन बोलायचं. बाबांनी साफ नकार दिला. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मॅडम पेट्रोल पंपावर हजर.

"मी सातवी शिकलो, जी. प्राध्यापक लोकायसमोर काय बोलू?"

"मले पितळ मठारता येत नाही, भाऊ. तुमाले येते. तेवढंच सांगा."

बाबा चौकीदाराच्या गणवेशातच आले, कारण संध्याकाळी ड्यूटी होती. प्राचार्यांनी मॅडमना व्हरांड्यात अडवलं. "मॅडम, वर्गात वॉचमन?"

"आज ते आमचे पाहुणे वक्ते आहेत, सर," मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या. "पाहुण्यांना चहा कपबशीत देतात. तसाच पाठवा."

बाबा उभे राहिले. मग हातोडीचा ठोका कसा फिरवत न्यायचा ते त्यांनी हवेत करून दाखवलं, आणि पाऊण तास कुणी जागचं हललं नाही. चहा कपबशीतच आला. मीही त्या दिवशी उठून सांगितलं, "हे माझे वडील."

पुढे मॅडमची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिसचे दिवस सोडले तर त्यांनी एकही तास बुडवला नाही. "शरीर आपलं काम करते, मी माहं करतो," म्हणायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. मी आता साकोलीच्या कॉलेजात तोच विषय शिकवते.

मॅडमच्या अंत्यविधीला पवनीला वैनगंगेच्या घाटावर बाबा माझ्यासोबत आले होते. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर पाहत बसले. भंडारा जवळ आलं, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले,

"तुह्या वर्गात कवा येऊ? आता मले बोलता येते."