लव्होव्नाचा चुकलेला अंदाज

आमच्या इमारतीत कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं दूध नासलं, कुणाची सून तोंड वाजवायला लागली, की सगळे वरच्या मजल्यावरच्या आग्निया लव्होव्नाला बोल लावतात. ती गावाबाहेरच्या वेधशाळेत काम करते. सूर्यावर काय खदखदतंय आणि त्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्व किती बिघडणार, याचा तिचा अंदाज रोज सकाळी रेडिओवर हवामानाच्या पाठोपाठ वाचतात. "आज चुंबकीय वादळ" असं ऐकलं की अर्धं गाव औषधाचे थेंब घेऊन आडवं होतं.

"लव्होव्ना, आज काय पाठवलंस गं? गुडघे नुसते ठणकतायत!" आम्ही बाया अंगणातल्या बाकावरून ओरडायचो.

"गुडघे तुमचे आणि शिव्या सूर्याला!" असं म्हणायची, पण जाता जाता घरच्या खारवलेल्या काकड्या हातावर ठेवायची. फार गोड बाई. एवढंच, की अंदाज चुकला म्हटलेलं तिला खपायचं नाही. आणि माझा नवरा कुझमिच नेमकं तिथंच डिवचायचा.

गेल्या मार्चात रेडिओनं मोठं वादळ सांगितलं. त्याच सकाळी कुझमिच लापशीची वाटी सरकवून पलंगावर बसला. घामानं चिंब, ओठ पांढरे, डावा हात घट्ट धरलेला.

"अॅम्ब्युलन्स बोलावते."

"वेडी का काय? वादळ आहे ते. संध्याकाळपर्यंत उतरेल. थेंब दे, आणि डॉक्टर घरात आणलास तर याद राख!"

रडले, शिव्या घातल्या. हा मेला ढिम्म! शेवटी सपातांवरच वर धावले. लव्होव्ना नुकतीच रात्रपाळीहून आली होती. तशीच खाली आली, त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि ताठ उभी राहिली.

"कुझमिच, मी चुकले. वादळ आलंच नाही, बाजूनं गेलं. यंत्राची सुई जागची हललेली नाही."

"काय म्हणालीस? परत म्हण."

"चुकले. साफ चुकले. हे सूर्याचं नाही, तुझ्या हृदयाचं आहे."

त्या अवस्थेतही तो हसला. मग हळूहळू चेहरा उतरला. "स्तेपानोव्ना," मला म्हणाला, "बोलाव डॉक्टरला."

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. वाचला. दुसऱ्या दिवशी मी लव्होव्नाच्या गळ्यात पडले. "बरं झालं बाई, तुझं वादळ चुकलं!"

"चुकलं कसलं?" चहा ओतता ओतता ती म्हणाली. "यंदाचं सगळ्यात मोठं होतं. सुई अजून नाचतेय."

असला जीव लावणारं माणूस शेजारी मिळायला भाग्य लागतं.

आता कुझमिच बाकावर बसून पोस्टमनलासुद्धा सांगतो, "हिचा अंदाज? अहो, स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय!" परवा माझ्यानं राहवेना. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर लव्होव्नानं दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले.

"गप," ती माझ्या कानात म्हणाली. "खरं कळलं, तर पुढच्या खेपेला माझ्यावर विश्वास ठेवून पडून राहील तो."