परहेड आणि हिमनदी

जगातली कुठलीही गोष्ट माणशी किती पडली हे कळल्याशिवाय परहेडला ती दिसतच नसे. आमच्या मराठी मंडळाची पहिली सहल ब्रायटनला गेली होती. सगळे समुद्राकडे तोंड करून उभे होते आणि हा एकटा समुद्राकडे पाठ करून कोचच्या ड्रायव्हरशी डिझेलबद्दल बोलत होता. मग वळला, पाण्याकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाला, “अठरा पाउंड पर हेड. आणि समुद्र असा.” त्या दिवसापासून लंडनच्या स्टॅनमोर ते हॅरो या टापूत त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणी घेतलं नाही.

तोंडावर आम्ही त्याला ‘भाऊ’ म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, एका बँकेच्या आयटी विभागात वरच्या हुद्द्यावर, घर स्वतःचं, त्यावरचं कर्जही फिटलेलं. अरेतुरे फक्त पाठीमागे. हे मी पाठीमागेच लिहितोय.

त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींनी साताऱ्याच्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवला. हिमनदी हा त्यांचा हातखंडा विषय. हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ, सगळं त्या फळ्यावर रंगीत खडूंनी असं काढायच्या म्हणे, की मे महिन्यात मुलं स्वेटर मागतील. हिमनदी त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. परहेडला इकडची नोकरी मिळाली तेव्हा शाळा सोडायला त्यांचं मन होईना. तेव्हा त्याने त्यांना सांगितलं, “तिथून स्वित्झर्लंड काय, गाडीने जाता येतं. तुला खरी हिमनदी दाखवतो.” वहिनींनी राजीनामा दिला. पुढची बारा वर्षं त्या स्टॅनमोरच्या एका प्रायमरी शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांचे डबे उघडून देत होत्या आणि हिमनदी दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर जात होती.

अखेर योग आला तो आमच्यामुळे. गाडीने युरोप करायचा तर खर्च दोघांत परवडत नाही, चौघांत परवडतो, असं परहेडच्या एक्सेल शीटमध्ये सिद्ध झालं, आणि त्याला दोन डोकी कमी पडत होती. मी आणि माझी बायको मृदुला ही ती दोन डोकी. मी जन्मभर या माणसाची नक्कल करून मंडळात हशा पिकवला, पण “चारशे वाचतात रे” असं त्याने म्हटल्याबरोबर मी पासपोर्ट शोधायला लागलो.

“त्यांना हसतोस आणि त्यांच्याच गाडीत बसतोस,” मृदुला म्हणाली.

“अगं, वहिनींसाठी,” मी म्हणालो. माणूस किती सहज खोटं बोलतो.

इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये शिरताच परहेडने फोनवर ‘टोल टाळा’ हे बटण दाबलं. फ्रान्सचे मोठे रस्ते सुंदर आहेत असं ऐकून आहे. आम्ही पाहिले ते पुलांवरून, आडवे. बाकी आम्ही गावागावांतून गेलो. प्रत्येक गावाला एक चर्च, एक बंद बेकरी आणि तीन राउंडअबाउट. टोलचे साठ युरो वाचले. उशीर झाल्यामुळे वाटेत एक जादा मुक्काम पडला, त्याचे एकशे दहा गेले. हे दोन आकडे त्याने दोन वेगळ्या शीटवर लिहिले, त्यामुळे त्यांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही.

एकदाच, चुकून, टोलच्या रस्त्यावर लागलो. ती माझी कामगिरी. आमची गाडी ब्रिटिश, म्हणजे चालक उजवीकडे आणि तिकडे टोलचं यंत्र डावीकडे. म्हणून डाव्या सीटवरच्याने, म्हणजे मी, कमरेपर्यंत बाहेर लोंबून तिकीट ओढायचं. मी ओढलं, आणि विजयाने हात हलवताना ते वाऱ्यावर सोडून दिलं. तिकीट नसेल तर तुम्ही रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकापासून आलात असं धरून पैसे घेतात. आम्ही वीस किलोमीटर गेलो आणि अर्ध्या देशाचे पैसे भरले. त्या रात्री परहेडच्या शीटमध्ये ‘टाळता येण्याजोगे’ असं नवं सदर उघडलं गेलं आणि त्यापुढे माझं नाव होतं.

गाडीच्या डिकीत सहा जणांचा इलेक्ट्रिक कुकर, तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट होतं. हॉटेलच्या बाथरूममध्ये पंखा चालू ठेवून खिचडी शिजवण्याची त्याची पद्धत होती, म्हणजे वास बाहेर जाऊ नये. वास जायचाच. संध्याकाळी मात्र तो आम्हाला गावात फिरायला न्यायचा आणि रेस्टॉरंटबाहेर काचेत लावलेली मेनूकार्डं मोठ्याने वाचायचा. “बत्तीस युरो! एका माशाला!”

“अहो, वाचून झालं असेल तर एक कॉफी तरी घेऊ,” वहिनी एकदा म्हणाल्या. “त्यांच्या देशात आलोय, बरं दिसत नाही.”

“कॉफी आहे ना, फ्लास्कमध्ये,” तो म्हणाला. मी मागून त्याची नक्कल केली. मृदुला हसली नाही. खरं तर सहलभर ती माझ्या एकाही विनोदाला हसली नाही. मी ते तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

मग स्विस सरहद्द आली. तिथले मोठे रस्ते वापरायचे तर वर्षभराचं स्टिकर काचेला लावावं लागतं, चाळीस फ्रँकचं. चार दिवसांचं मिळत नाही. परहेड स्टिकर हातात घेऊन पेट्रोल पंपावर उभा राहिला. चेहरा असा, की घरातलं कुणीतरी गेलंय.

“आपण वापरणार चार दिवस,” तो म्हणाला. “उरलेलं वर्ष कुणाचं?”

आणि इथे माझी जीभ सुटली. “मग चिकटवूच नका ना भाऊ. मागचा कागद तसाच ठेवा, वरून सेलोटेप मारा. सप्टेंबरमध्ये मंडळातले पाटणकर यायचेत, त्यांना विकू.”

ही चेष्टा होती. शपथेवर सांगतो, चेष्टा होती. पण परहेडने माझ्याकडे बघितलं ते मुलगा बोर्डात आल्यासारखं. “बघ! आठ दिवसांत पहिल्यांदा डोकं चालवलंस.” मृदुलाने मागून मला जोरात चिमटा काढला. मला वाटलं, कौतुकाचा. मग परहेडने ते स्टिकर सेलोटेपने असं बसवलं, जसं जूनमध्ये आपण नव्या पुस्तकांना कव्हर घालतो. प्रेमाने, कोपरे दुमडून. आणि मी टेप कापून दिली.

दुसऱ्या दिवशी एका थांब्यावर पोलीस उभे होते. एक तरुण पोलीसबाई आली, काचेवर नखाने टकटक केलं, दार उघडायला लावलं आणि बोटाच्या टोकाने टेपचा कोपरा उचलला. स्टिकर अलगद तिच्या हातात आलं.

“मॅडम, वी आर शेअरिंग,” परहेड म्हणाला. “गुड फॉर एन्व्हायरन्मेंट.”

बाईंनी पावतीपुस्तक काढलं. दोनशे फ्रँक दंड, शिवाय नवीन स्टिकर.

“हिज आयडिया,” परहेड माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. हेही त्याचं वैशिष्ट्य होतं. श्रेय योग्य माणसाला देण्यात त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

त्या संध्याकाळी बाथरूमच्या दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याने भागाकार केला. “दोनशे चाळीस भागिले चार, साठ. पर हेड साठ.” मग लॅपटॉप मिटून म्हणाला, “हिमनदीचं उद्या बघू.”

वहिनी खिचडी ढवळत होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सकाळी आम्ही पायथ्याच्या स्टेशनवर पोचलो. तिथून दातेरी रुळांवरून लाल गाडी चढत चढत थेट हिमनदीपर्यंत जाते. तिकीट माणशी शंभरावर. खिडकीशेजारी हिमनदीचा मोठा जुना फोटो लावला होता. त्यात बर्फ अगदी स्टेशनच्या मागच्या झाडांपर्यंत आलेला दिसत होता. आता तिथे नुसता करडा दगड होता.

“हा फोटो बघ गं, किती क्लिअर आहे,” परहेड वहिनींना म्हणाला. “वर ढग असले तर एवढंही दिसायचं नाही. चारशे फ्रँक ढग बघायला.” मग माझ्याकडे वळला. “काय रे, तुझं काय मत?”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. दंड माझ्या जिभेमुळे झाला होता, हे तिथल्या चौघांनाही माहीत होतं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तिकिटं माझ्याकडून. खिशात कार्ड होतं, त्याला हातही लागला होता. एका क्षणात मी चारने गुणलं, पाउंडात आणलं, आणि माझ्या तोंडातून आवाज आला, “खालूनही तसं बरंच दिसतंय, भाऊ.”

खालून पार्किंग दिसत होतं.

वहिनी वळल्या. पर्स उघडली, डबे उघडून मिळवलेल्या पगाराचं कार्ड काढलं आणि खिडकीशी गेल्या. “वन, प्लीज. रिटर्न.” वर्गात हजेरी घेताना असेल तसा स्वच्छ आवाज.

“टू,” मृदुला मागून म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. लाल गाडी आली, दोघी चढल्या, गाडी गेली.

आम्ही दोघे पुरुष चार तास पार्किंगमध्ये होतो. तिथे पहिला अर्धा तास फुकट होता. त्यामुळे दर अठ्ठावीस मिनिटांनी परहेड गाडी बाहेर काढायचा, राउंडअबाउटला वळसा घालायचा आणि पुन्हा आत यायचा. आत येताना यंत्राचं तिकीट मी लोंबून घ्यायचो. यावेळी एकही सोडलं नाही. तिसऱ्या फेरीपासून तिथला सफाई कामगार झाडू टेकून आम्हाला बघायला लागला. पाचव्या फेरीला त्याने हात केला.

सहाव्या फेरीला परहेड म्हणाला, “मी तिला म्हटलं होतं, हिमनदी दाखवतो म्हणून.”

“हो.”

“दाखवलीच की. इथवर आणलं ना?”

“आणलंत की,” मी म्हणालो. त्याला खरं सांगायला माझ्या जागी दुसरा कुणीतरी माणूस हवा होता.

दोघी उतरल्या तेव्हा उन्हाने त्यांची नाकं लाल झाली होती आणि त्या कशावर तरी हसत होत्या. आम्ही दिसलो तसं हसू थांबलं. वहिनी मागे बसल्या, बेल्ट लावला.

“कसं होतं?” परहेडने विचारलं.

“थंड,” वहिनी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

न पाहिलेली हिमनदी बावीस वर्षं मुलांना दाखवणारी बाई. पाहिलेल्या हिमनदीबद्दल त्या आमच्याशी एवढा एकच शब्द बोलल्या. जिनिव्हापर्यंत नाही, फ्रान्सभर नाही, खाडी ओलांडल्यावरही दुसरा शब्द आला नाही. मृदुलाला मी घरी आल्यावर विचारलं. ती म्हणाली, “खालून बरंच दिसत होतं ना तुला?”

या वसंतात परहेड निवृत्त झाला आणि दोघं कायमची पुण्याला गेली. निघायच्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. रिकाम्या हॉलमध्ये तो सूटकेसा हातकाट्याला लटकवून वजन करत होता. स्वयंपाकघरात मृदुला आणि वहिनी हळू आवाजात बोलत होत्या. मध्येच वहिनींचं हसू ऐकू आलं. त्याने काटा खाली ठेवला.

“मृदुला कधी काही बोलली का रे?” त्याने विचारलं. “वर काय होतं ते?”

“नाही. वहिनी?”

“विचारलं एकदा. म्हणाली, गाडी रोज जाते वर. जाऊन बघा.”

त्याचे केस इतके पांढरे कधी झाले होते मला कळलं नव्हतं. मला एकदम त्याची कीव आली, आणि कीव आली की मी उदार होतो, बोलण्यापुरता. “मग जा ना भाऊ. आता वेळच वेळ आहे. त्यांना घेऊन जा. नाहीतर एकटे जा, पण जा.”

तो सूटकेसच्या चाकांकडे बघत राहिला. इतका वेळ, की त्याच्या खांद्यावर हात ठेवावा का, असं माझ्या मनात आलं.

“नोव्हेंबरात गेलं,” तो हळूच म्हणाला, “तर तिकीट अर्ध्यावर येतं.”

“अर्ध्यावर?” मी म्हणालो. “कुठल्या साइटवर बघितलंत?”